निवडलेली मिरची

लक्ष्मीपूजनाची टळटळीत दुपार होती. गावातल्या बाया रांगोळ्या काढत होत्या आणि दगूबाई ओट्यावर गोणपाट टाकून मिरची निवडत बसली होती. सण कोणाचाही असो, मिरची थांबत नाही. दोन उन्हं जास्त खाल्ली की पांढरी पडते, आणि पांढरी मिरची नंदुरबारचा व्यापारी हातात न घेता पायानं ढकलतो.

सून रंजितानं मोबाइल तिच्या पुढ्यात धरला. पडद्यावर अमृत होता, तिचा एकुलता एक लेक. ठिबकच्या नळ्या आणि पंप बसवायच्या कामावर तो बोत्सवानात गेला होता. आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाकडचा हा देश. माणसं थोडी, गुरं फार, पाऊस नावापुरता.

"माय, आठलं, या देशनं सरकार पडनं," अमृत म्हणाला.

"कितली डोकी फुटनी?" दगूबाईनं मिरचीवरची नजर न काढता विचारलं.

"एक बी नही. परवा मतदान व्हयनं. अठ्ठावन्न वरीस एकच पक्ष राज करी ऱ्हायंता. देश स्वतंत्र व्हयना तवयपासून. आज त्यासना राष्ट्रपतीनी सगळा जगसमोर सांगी टाकं, आम्ही हारनूत. जिंकेल मानूसले सोता फोन कया."

दगूबाईचा हात थांबला. "सोता? कोनी सांगं म्हनीसन नही?"

"सोता."

तिनं एक मिरची उचलली, देठ मोडलं, मिरची एका बाजूला आणि देठ दुसऱ्या बाजूला टाकलं. मग म्हणाली, "त्या पक्षनी निशाणी काय व्हती रे?"

"जॅक. गाडी उचलतस ना, तो."

"पंक्चर काढाले लायेल जॅक कोनी अठ्ठावन्न वरीस ठेवस का बावा?" म्हातारी म्हणाली आणि रंजिता तोंडाला पदर लावून हसली.

पण दगूबाई हसली नव्हती. तिनं पुढचं सगळं विचारून घेतलं. अमृत राहायचा त्या घराची मालकीण ऐंशी पार केलेली होती. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'म्मा' म्हणतात. अमृतला तो शब्द पहिल्या दिवसापासून आपलाच वाटला होता. ही म्मा एकोणीसशे पासष्ट साली, देशाच्या पहिल्या निवडणुकीत मत द्यायला गेली होती. लिहिता-वाचता येणारे थोडेच. म्हणून सरकारनं मतदाराच्या हातात रंगीत चकत्या दिल्या, एका पक्षाची एक. आडोशाला जायचं, आपल्याला पटेल ती चकती पाकिटात घालून पेटीत टाकायची, उरलेल्या फेकून द्यायच्या.

"आडोशाले?" दगूबाईनं विचारलं.

"हा. कोनले दखात नही."

"नवराले बी?"

"नवराले बी नही, माय."

"आनि हाऊ जिंकेल पक्ष पहिलांदाच जिंकना?"

"पहिलांदाच. बारा निवडणुका जॅकवालाच जिंकनात. ही तेरावी."

दगूबाईनं बोटं मोजून काहीतरी हिशेब जुळवला. "म्हंजे बारा येळा हारनात तरी मत देवाले जातच ऱ्हायनात. आनि तेराव्याले त्यासनं तेरावं घालं." आता मात्र ती हसली, पुढचे दोन दात नसलेलं हसू. "तेराव्याले गोडच जेवतस."

हे सुलखेडं गाव तळोदा तालुक्यातलं, तापीच्या काठावरचं. केळी, ऊस, कापूस, पपई, मिरची. काळी जमीन, पक्की घरं. गावात शिरताना लोखंडी कमान आहे आणि कमानीवर पाटी: 'आदर्श बिनविरोध ग्रामपंचायत'. दर पाच वर्षांनी पाटी नव्यानं रंगते. खालच्या आळीचा नळ मात्र पाच वर्षांत एकदाही नीट होत नाही.

बिनविरोध. या शब्दाला सुलखेड्यात देवाच्या खालोखाल मान. पुढारी येतात, शाल घालतात, गावाची एकी वाखाणतात, जेवून जातात. एकी कसली? हा शब्द म्हणजे तोंडावर ठेवलेला मऊ हात. हात मऊ असला म्हणून जीव कोंडायचा राहतो का?

रीत अशी. निवडणूक लागली की महादेवाच्या सभामंडपात गाव जमायचं. मोठ्या गल्लीतलं पाटलांचं घर मधे. आधी आजा, मग बाप, मग चुलता, आता नवनीतभाई. नावं घरातूनच ठरून यायची. 'ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा,' असं नवनीतभाई हसतमुखानं म्हणायचे. हात वर जायचे. कोणाचा गेला नाही ते दिसायचंच, आणि ज्याचा गेला नाही त्याच्या शेताकडे ट्रॅक्टर येताना रस्ता विसरायचा. बाया पायऱ्यांवर बसायच्या. त्यांना हात होते, पण ते कोणी विचारात घेत नसे.

अशा बारा पंचवार्षिका गेल्या. साठ वर्षं. लोकसभेला, विधानसभेला दगूबाईनं दर वेळी मत दिलं होतं. दिल्लीत कोण बसावं हे तिला विचारत होते. आपल्या दारच्या नळाला पाणी कोणी सोडावं, हे मात्र बहात्तर वर्षांच्या बाईला एकदाही कोणी विचारलं नव्हतं.

एकट्या एका माणसानं ही रीत मोडायला हात घातला होता. तिचा नवरा, उखा. शहाण्णव साली त्यानं आपल्या वॉर्डातून फॉर्म भरला. माघारीच्या दिवशी सकाळी मोठ्या गल्लीतली पाच माणसं घरी आली. शिवी नाही, धमकी नाही. चहा घेतला, अमृतला मांडीवर घेतलं, 'उखाभाऊ, गावाची अब्रू तुमच्या हातात,' म्हणाले, आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून तळोद्याला घेऊन गेले. उखा परत आला तो माघार घेऊनच. मारलं असतं तर तो उभा राहिला असता. त्यांनी त्याला मान देऊन पाडला.

त्यानंतर वीस वर्षं तो जगला. एकदा केळीचे खांब उतरवताना दगूबाईला म्हणाला होता, "मी हारतूच वं. मले माहीत व्हतं. पन कितला मतंस्नी हारनू, तितलं तरी समजतं ना." ते त्याला समजलं नाही. एक आकडा मागत होता माणूस. तेवढाही गावानं दिला नाही.

त्या दिवाळीच्या फोनला सव्वा वर्ष झालं आणि सुलखेड्याची तेरावी निवडणूक लागली. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. नवनीतभाईंनी नाव जाहीर करून टाकलं: त्यांची सून भाविका. गावातली पहिली बी.एस्सी. झालेली सून, पण सासरच्या उंबऱ्याबाहेर तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

दगूबाई रंजिताला घेऊन तळोद्याला गेली. फोटो, दाखले, सायबरवाल्याची रांग, दिवस मोडला. पण रंजिताचा सरपंचपदाचा फॉर्म भरला. येताना जीपमध्ये रंजिता म्हणाली, "माय, आपन हारसूत."

"हार की. पन माघार लिधी ते घरमा येऊ नको."

छाननीत रंजिता आणि भाविका, दोघींचे फॉर्म टिकले. तिसराही एक टिकला, नवनीतभाईंच्या बायकोचा, शांतीबाईचा. तो डमी. मोठी घरं नेहमी एक डमी भरून ठेवतात, आपला एखादा कागद चुकला तर खुर्ची बाहेर जाऊ नये म्हणून.

माघारीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, सभामंडपात गाव जमलं. दोनशेच्या वर माणूस. दगूबाई पायऱ्यांवर बसली नाही. डोक्यावर मिरचीची पाटी, काखेत झाकणाचं मडकं घेऊन सरळ आत गेली. मागोमाग तिच्यासोबत मिरची निवडणाऱ्या वीसेक बाया. पुढे कमलीबाई, त्या टोळीची मुकादम, जिच्या तोंडाला तालुक्यातले व्यापारी भितात.

"दगूमाय, मसाला कांडायला आल्या का?" नवनीतभाईंनी विचारलं. मंडप हसला.

"आधी निवडू तर द्या भाई, मंग कांडसूत."

नवनीतभाईंनी सबुरीनं भाषण केलं. साठ वर्षांची परंपरा, गावातली भाऊबंदकी, शेजारच्या गावात निवडणुकीपायी झालेली मारामारी. रंजिताताई आमच्या लेकीसारख्या, त्या समजूतदार आहेत. "तर ज्यांना बिनविरोध मान्य असेल..."

"हात नको," दगूबाई म्हणाली.

आजवर त्या वाक्याच्या मधे कोणी बोललं नव्हतं.

"हात दखास. दखास म्हनीसनच वर जास." तिनं मडकं मधोमध ठेवलं. "परतेकले एक मिरची आनि एक देठ देसूत. भांडाकुंडानी खोलीले गोधडीना पडदा लायेल शे. एकेकनी आत जावानं. निवडणूक व्हवाले पाहिजे वाटस त्यानी मडकामा मिरची टाकानी. बिनविरोध पाहिजे त्यानी देठ. उरेल ते कोपराना पोतामा. बाया बी जातीन. मन्हा अमृत ऱ्हास त्या देशमा आडानी लोके असाच मत देयेत, आनि कोनी कोनले मारं नही."

"आफ्रिकेकडून शिकायचं आता?" मागून कोणीतरी टोमणा मारला.

"तुम्हनाकडथीन साठ वरीस शिकनूत ना," कमलीबाई म्हणाली. "काय शिकनूत? हात वर करानं. तितलं ते पोलीसले दखीसन चोर बी करस."

नवनीतभाई हसले. त्यांना आपल्या गावाची खात्री होती. साठ वर्षांत जे कोणी बोललं नाही ते मनातही नसणार, असं त्या घराला खरंच वाटत आलं होतं. "होऊ द्या," ते म्हणाले. "बायांची हौस होऊ द्या. पण मडक्यातून देठं जास्त निघाली तर रंजिताताई उद्या माघार घेतील. कबूल?"

रंजितानं सासूकडं पाहिलं. फॉर्म भरलेला होता, उद्या तीनला माघारीची वेळ संपेपर्यंत गप्प बसल्या असत्या तरी मतदान झालं असतं. आता कबूल म्हटलं की तो मडक्यावर पणाला लागणार होता. पण गावाला नको असलेली निवडणूक गावावर लादायची, तर मग नवनीतभाईत आणि आपल्यात फरक तो काय?

"कबूल," ती म्हणाली.

दीड तास लागला. माणसं गोधडीआड जात, बाहेर येत. आत जाताना जी मान खाली होती ती बाहेर येताना थोडी वर होती, असं दगूबाईला वाटलं. कदाचित वाटलंच असेल. भाविकाही गेली, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. नवनीतभाई शेवटी गेले.

मग मडकं चादरीवर पालथं केलं आणि पहिल्या रांगेला शिंका सुटल्या. वाळकी मिरची, बंद मडकं, दोनशे हात. मोजायला बसलेले शाळेचे मास्तर शिंकत, नवनीतभाई शिंकत, पुजारी शिंकत महादेवाकडे पाठ करून बाहेर पळाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सगळं गाव हसत होतं. त्या मंडपात एवढं हसू याआधी कधी झालं नव्हतं.

मिरच्या एकशे तीन. देठं सत्त्याण्णव.

आणि मास्तरांनी नऊ मिरच्या वेगळ्या ठेवल्या. त्यांना देठ लागलेलंच होतं.

"हे काय?" नवनीतभाईंनी विचारलं.

मग पायरीजवळून गजराबाईचा बारीक आवाज आला. गजराबाई म्हणजे कोणाच्याही भांडणात दोघांच्या घरी जेवून येणारी बाई. "मी ते देठ मिरचीमा परत खोची दिधं. म्हनं, दोन्ही जातीन ते कोनीच नाराज नही व्हवाव."

म्हणजे असे आणखी आठ होते. हेच तर सुलखेडं. साठ वर्षं कोणाला नाराज करायचं नाही म्हणून जगलेलं गाव गोधडीआडसुद्धा, एकटं असतानासुद्धा, दोघांना खूश करत होतं.

नवनीतभाईंचा चेहरा आता हसरा नव्हता. "देठ दिसतंय ना? मग देठ. सत्त्याण्णव आणि नऊ, एकशे सहा. बिनविरोध."

मंडपात कुजबूज झाली. दगूबाई उठून उभी राहिली. एवढ्या जवळ येऊन. तिला उखा आठवला, जीपच्या पुढच्या सीटवर बसलेला.

कमलीबाईनं पाटी पुढे सरकवली. "भाई, तुम्हना माल दर हंगामले नंदुरबारले जास. मी निवडस. देठसकट मिरची गयी ते व्यापारी तिले काय म्हनस?"

नवनीतभाईंनी मास्तरांकडे पाहिलं.

"सांगा ना. सगळास्ले माहीत शे."

"न निवडलेला माल म्हणतो."

आवाज बाईचा होता. भाविका उभी होती. पदर नाकावरून कपाळापर्यंत सरकला होता आणि मिरचीनं तिचे डोळे लाल झाले होते. "न निवडलेला माल बाजूला काढतात, बापू. तो मिरचीतही धरत नाहीत आणि देठातही. आपल्याच खळ्यावर तुम्ही मला शिकवलंत."

"भाविका, तू बस," नवनीतभाई हळूच म्हणाले.

"बसते. एकच सांगते. सरपंच मला व्हायचंय. पण निवडून. नेमून नाही. उद्या ग्रामसेवक माझ्याशी न बोलता तुमच्याशी बोलला, तर मी त्याला काय सांगू? मला कोणी निवडलंय म्हणून?" ती बसली. शेजारच्या बाईनं तिच्या मांडीवर हात ठेवला.

निवडणं. निवडणूक. हा शब्द जन्मभर बोटांनी जगणाऱ्या बायांना त्या दिवशी पहिल्यांदा कानांनी ऐकू आला.

नवनीतभाईंनी चपला घातल्या आणि कोणाशी न बोलता निघून गेले. मास्तरांनी नऊ मिरच्या बाजूला ठेवल्या, आकडा वाचला आणि चादर झटकली. सगळे पुन्हा शिंकले.

पण नवनीतभाई काही बोलले नव्हते, याचंच भय होतं. सोमवारी सकाळपासून दगूबाई आणि रंजिता तळोद्याच्या तहसील कचेरीत बाकावर बसून राहिल्या. घरी थांबल्या असत्या तर चहा प्यायला कोण येईल याचा नेम नव्हता. भाकरी बरोबर आणली होती, ती फडक्यातच राहिली. तीनला वीस मिनिटं असताना अंगणात पाटलांची पांढरी गाडी येऊन थांबली. नवनीतभाई उतरले. मागून शांतीबाई. मागून भाविका.

रंजितानं सासूचा हात घट्ट धरला.

नवनीतभाई बाकाजवळ आले. रात्रभर झोपले नसावेत. "दगूमाय," ते म्हणाले, "उखाभाऊला इथं मीच आणलं होतं. गाडी मी चालवत होतो."

"माहीत शे मले."

त्यांना आणखी काही बोलायचं असावं, ते जमलं नाही. सगळ्यांना सगळं जमत नाही. मग वळून बायकोला म्हणाले, "चला, आत."

तीनला सात मिनिटं असताना शांतीबाईनं माघारीच्या कागदावर सही केली. डमी निघाला. साठ वर्षं दुसऱ्यांना माघार घ्यायला लावणाऱ्या घरानं पहिल्यांदा समोर विरोधक उभा असताना स्वतः माघार घेतली, ती एका डमीची का होईना. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले, शिपायानं दार ओढलं, आणि यादीत दोन नावं उरली. भाविका. रंजिता.

त्यापुढचे दहा दिवस सुलखेड्यात जे झालं ते सगळं सोज्ज्वळ नव्हतं. बॅनर फाटले, खालच्या आळीत दोन सख्खे भाऊ बोलेनासे झाले, गजराबाईनं दोन्ही घरी जेवण घेतलं. पण साठ वर्षांत पहिल्यांदा त्या घरातलं माणूस मत मागायला खालच्या आळीत आलं; भाविका कोरड्या नळासमोर उभी राहिली, आणि बायांनी तिला अर्धा तास असं धुतलं की पाण्याची गरज पडली नाही. ती ऐकत राहिली. वहीत लिहून घेतलं.

मतदानाच्या दिवशी दगूबाई सात वाजायच्या आधीच शाळेत रांगेत होती. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली तेव्हा तिला उगाच मिरचीचा वास आल्यासारखं वाटलं. बटण दाबलं. यंत्र ओरडलं. ती तिथेच उभी राहिली, इतकी की मतदान अधिकारी म्हणाले, "आजी, झालं तुमचं."

"झालं नही, भाऊ," ती म्हणाली. "आता सुरू व्हयनं."

दुसऱ्या दिवशी तळोद्यात मोजणी झाली. भाविका चारशे एकवीस. रंजिता चारशे दोन.

रंजिता गुलालाच्या गर्दीपासून बाजूला, झाडाखाली उभी होती. डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं पुसलं. मग मोबाइल काढला आणि समोरच वीस पावलांवर माणसांनी वेढलेल्या भाविकाला फोन लावला. "ताई, तुम्ही जिंकल्या. मी हारनू," ती म्हणाली. गर्दीत भाविकानं मान वर करून इकडं तिकडं पाहिलं, तिला दिसेना. "नळनी वही हरवू नका," रंजिता म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी अमृतचा व्हिडिओ कॉल आला. मागे म्मा बसली होती, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून. अमृतनं तिला तिच्या भाषेत सगळं सांगितलं. म्मानं एक बोट वर केलं आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हनस ती?" दगूबाईनं विचारलं.

"म्हनस, एक व्हयनी. आते बारा ऱ्हायन्यात."

"तिले सांग, मन्हाकडे तितला टाइम नही. पुढली येळाच तेरावं घालसूत."

फोन बंद झाल्यावर ती घरात गेली. भिंतीवर उखाचा फोटो होता, टोपी जराशी तिरकी. शाई लागलेल्या बोटानं तिनं काचेवरची धूळ पुसली.

"ऐका हो," ती म्हणाली. "एकोणीस. एकोणीस मतंस्नी हारनूत."

मग ओट्यावर येऊन बसली, पाटी ओढली, आणि उजेड होता तोवर मिरची निवडत राहिली.